आक्काचा गुडघा आणि सहावी निकर

मळ्यातून,
बुधवार, दुपारची भांडी झाल्यावर

तीर्थस्वरूप आक्का,

धाकट्या विजूचा तुझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (गुडघ्याला धक्का लागू दिलेला नाही, निश्चिंत अस.) तुझी साखर किती आली, दाजींचा दमा या थंडीत कसा आहे, सूनबाई राजेश्वरी खुशाल आहे ना, सगळं सविस्तर कळव. इकडे आम्ही बरे आहोत. सुभेदारांचं (आमचे हंबीरराव फौजेतून घरी येऊन बावीस वर्षं झाली, पण अजून म्हशीसुद्धा त्यांना सुभेदारच समजतात) मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आता त्यांना इतकं लांबचं दिसतं की शेजारच्या रानातल्या चुका ते आपल्या ओट्यावर बसून सांगतात. ऊस अजून उभाच आहे. तोडणीची टोळी आज येते, उद्या येते असं चाललंय.

तुझा निरोप मिळाला. येत्या मंगळवारी सांगलीला क्रांतीचं पोलीस भरतीचं मैदान आहे आणि तुला येता येणार नाही, कारण गुडघा. क्रांतीनं निरोप ऐकला आणि बुटाची नाडी सोडून परत बांधली. माझी ही नात पाच वर्षांची होती तेव्हा तू तिला कालव्याच्या वाटेवर पळायला शिकवलंस. साडी खोचून स्वतः तिच्या पुढं पळायचीस आणि पोरगी लहान आहे म्हणून एकदाही मुद्दाम हरली नाहीस. आता ती एकोणीस वर्षांची आहे, आणि आठशे मीटर पळायचं ते मैदान तुझ्या कुपवाडच्या घरापासून रिक्षानं वीस मिनिटांवर आहे. आम्ही कराडहून येणार आणि तू वीस मिनिटांवरून येणार नाहीस. असो, गुडघ्यापुढे कुणाचं चालतं?

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं असं तू म्हणशील. पण तुझी सून फोन वाजला की तो आधी स्पीकरवर टाकते आणि मग तुझ्या हातात देते. मला जे सांगायचंय ते तुझ्या घराला, खालच्या कारखान्याला आणि तिथल्या लेथवरच्या पोरांना ऐकवण्यासारखं नाही. म्हणून पत्र. उदयसिंह पंपाचा पार्ट आणायला कुपवाडला येतोय, त्याच्याकडे पिशवी दिली आहे. (क्रांतीचा बाप असून त्याला यातलं काही माहीत नाही. त्याला वाटतं पिशवीत फक्त खाऊ आहे.) पिशवीत काकवीची बाटली, शेंगदाण्याची चटणी, हरभऱ्याचे डहाळे आणि सगळ्यांत खाली वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं आहे. माझं पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पुडकं सोडायचं नाही. तुला माझी शपथ.

तर गोष्ट अशी. मैदानाच्या तारखा कधीच्या येतील याचा अंदाज दसऱ्याला लागला, त्या दिवशी क्रांतीनं कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं आणि मटकन खाली बसली. कुठलीही तारीख धरली तरी तिचा पाळीचा पहिला नाहीतर दुसरा दिवस येत होता. (शेवटी दुसराच आला. मंगळवार.) तिच्या भरतीच्या अकॅडमीतल्या काही पोरी गोळी घेऊन पुढं ढकलतात. क्रांतीनं मागं एकदा घेतली होती, तेव्हा मळमळून दोन दिवस अंथरुणात होती. पॅड लावून पळावं तर तो दोनशे मीटरनंतर स्वतःच्या मनानं कुठंही जातो आणि मांड्या सोलून निघतात. मग तिची मैत्रीण अंकिता हिनं सांगितलं की आता पाळीसाठी वेगळी निकर मिळते, पॅडच लागत नाही, निकरच सगळं शोषून घेते. क्रांतीनं मोबाइलवरून सहा मागवल्या.

मी बत्तीस वर्षं अंगणवाडीत काढली. गावातल्या पोरीबाळींना पाळीचं सगळं मीच समजावलं, पॅड मीच वाटले. त्यामुळे या विषयातला शेवटचा शब्द माझा, अशी निदान माझी समजूत. खोकं उघडलं तर आत साध्या काळ्या निकरा, फक्त मधली पट्टी थोडी जाड. क्रांती म्हणाली, ह्याला थर असतात. वरचा कोरडा राहतो, मधला सगळं पितो आणि खालचा काही बाहेर जाऊ देत नाही. मी म्हटलं, वरून कोरडी, आत सगळं पिणारी आणि बाहेर काही जाऊ न देणारी अशी मी आजवर एकच पाहिली, ती म्हणजे आमची आई.

आक्का, खरं सांगते, ती निकर हातात घेतली आणि मला कोयनानगरची आपली ती दोन खोल्यांची क्वार्टर आठवली. तिथल्या पावसात माणसं वाळत नव्हती, तिथं कपडे कुठले वाळायचे? आईच्या जुन्या लुगड्याच्या त्या घड्या, चुलीवर बांधलेली ती दोरी, आणि घड्या दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर पसरलेली बाबांची प्रोजेक्टची खाकी पँट. बाबांची पँट वर्षभर वाळत का असते हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. आई म्हणायची कावळा शिवला, आणि मी बाहेर बघायचे तर कावळे पंख ओले करून खांबावर गप्प बसलेले, ते कुणाला शिवायच्या अवस्थेतच नसायचे. आणि तो धक्का आठवतो का? बाबा वायरमन, त्यांचा नियम असा की जमीन हलली की हातात येईल ती किमती वस्तू घेऊन अंगणात पळायचं. बाबांनी रेडिओ आणला, मी दप्तर आणलं, तू मला आणलंस आणि आई छातीशी ती दोरीवरची घड्यांची जुडी धरून बाहेर आली. बाबा विचारतायत, काय गं हे? आई म्हणाली, जुनेर आहे, लागतं. शेजारच्या साताठ क्वार्टरमधल्या बायका बाहेर आल्या होत्या आणि आक्का, निम्म्या बायकांच्या हातात तशीच जुडी होती. त्या दिवशी मला वाटलं होतं, जुनेर ही फार मोलाची वस्तू असणार.

(कुठून कुठं गेले. तर निकर.)

पुड्यावर लिहिलं होतं की इतकं इतकं शोषते. लिहिणाऱ्याचं काय जातं? मी ठरवलं, आपण तपासून बघू. पाणी ओतून बघावं तर ते फार पातळ, दूध ओतायला मन धजेना, म्हणून मी काकवी घेतली. रंगाला बरी, घट्ट, आणि गुऱ्हाळावरून डबा भरून आलेली. चांगली पळीभर ओतली. काकवी जी वर बसली ती बसलीच. अर्धा तास झाला तरी एक थेंब आत जाईना. मी क्रांतीला हाक मारून सांगितलं की तुला फसवलंय, परत पाठव. पोरगी हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, "आज्जी, आपल्या अंगातनं काय काकवी येती व्हय?"

मी ती निकर गुपचूप विसळली आणि मागच्या दारी वाळत घातली. विसळण्यात थोडी कसर राहिली असावी. सकाळी सुभेदार नव्या डोळ्यांनी अंगण तपासत होते, त्यांना मुंग्यांची एक रांग दिसली. ते रांगेच्या मागं मागं गेले, भिंतीवरून, खुंटीवरून, दोरीवरून, आणि निकरेपाशी जाऊन उभे राहिले. "ही पलटण हितं कशाला जमा झालीया?" असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आपल्या घरात असल्या गोष्टी बाप्यामाणसाला कधी कळल्यात का? मी पोलकं, फडकं, पायपुसणं असं काहीतरी पुटपुटत होते, तेवढ्यात क्रांती दात घासत आली आणि सरळ म्हणाली, "आजोबा, ती माझी पाळीची निकर हाय. भरतीत पळताना घालायची. आज्जीनं काकवी वतून नापास केली."

सुभेदारांनी वाकून निकर नीट न्याहाळली. मला वाटलं आता हे आठ दिवस माझ्याशी बोलणार नाहीत. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "म्हंजी किट हाय की. किट तपासायची ही काय रीत झाली?" गोठ्यात गेले आणि म्हशीला औषध पाजायची मोठी सिरिंज उकळून घेऊन आले. पाचगणीहून आणलेलं स्ट्रॉबेरीचं सरबत त्यांनी पाण्यात पातळ केलं, ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर निकर ठेवली, हातात घड्याळ घेतलं. एक सिरिंज सोडली, वरून बोट लावलं, कोरडं. दुसरी सोडली, खालचा पेपर बघितला, कोरडा. तिसरीला कडेनं थोडी ओल आली. "दोनात पास. तिसरीला बदली," असा त्यांनी निकाल दिला आणि वहीत लिहून ठेवला. आक्का, बत्तीस वर्षं पोरींना शिकवलेली मी खांबाला टेकून बघत होते. डोळ्यांत पाणी आलं ते हसण्यानं आलं असं मी सगळ्यांना सांगितलं. आपल्या बाबांना पँट का वाळत असते हे माहीत नव्हतं, आणि हे मात्र उन्हात बसून नातीची निकर तपासत होते.

माझ्या हातून अजून एक घोटाळा झालाच. स्वच्छता म्हणजे उकळतं पाणी, हे आपल्याला आईनं शिकवलेलं. मी सहाही निकरा बंबातल्या कढत पाण्यात सोडा घालून भिजवल्या आणि वर कपड्यांना वास येणारं ते दाट औषध ओतलं. वास इतका छान आला की विचारू नकोस, पण पुढच्या तपासणीत सरबताचे थेंब निकरेवर अळूच्या पानावर थांबावेत तसे थांबले. सूचनेचा कागद खोक्याच्या तळाशी होता. गार पाण्यात लगेच विसळायच्या, पाणी नितळ येईपर्यंत, मग साध्या साबणानं धुवायच्या, कढत पाणी नको, वासाचं औषध तर नकोच. चारपाच वेळा गार पाण्यात धुतल्या तेव्हा कुठं त्या परत पूर्वीसारख्या प्यायला लागल्या.

आता खरा निकाल सांगते, कारण तू म्हणशील की विजू नेहमीप्रमाणे फुगवून सांगते. दोन पाळ्या क्रांतीनं या निकरांवर काढल्या. शेवटचे दोन दिवस एक घातली की दिवस जातो. दुसऱ्या दिवशी मात्र पाचसहा तासांत बदलावी लागते, बदललेली घालून ठेवायला पिशवी जवळ लागते, आणि जिला फारच जातं तिनं एकटीवर विसंबू नये. पावसाळ्यात वाळायला वेळ घेतील, जाड आहेत. (कोयनेला तर दिवाळीलाच वाळल्या असत्या.) पण पळताना सरकत नाही, घासत नाही. डिसेंबरात पाळीच्या दुसऱ्याच दिवशी सुभेदारांनी तिला आठशे मीटर पळवलं. मी कडेला उभी राहून वेळ नव्हे, तिचा हात बघत होते. आपला नव्हता का तो हात, दर पाच मिनिटांनी मागं जाऊन साडी चाचपणारा? शाळेत आपण एकमेकींना कुजबुजायचो, मागं बघ गं. क्रांतीचा हात एकदाही मागं गेला नाही. तीन मिनिटांच्या आत आली आणि गवतावर सरळ फतकल मारून बसली.

निकरा आता पुढच्या अंगणात, सुभेदारांच्या बनियनशेजारी, भर उन्हात वाळतात. पहाटे ते ओट्यावरून ओरडतात, "क्रांती, किट वाळलं का?" आणि पलीकडच्या मळ्यातून बिरदेव धनगर उत्तर देतो की त्याचं वाळलंय. त्याला वाटतं त्याच्या घोंगड्याची चौकशी चाललीय.

फक्त एक कोडं उरलंय. सहांपैकी एक निकर गेले दोन महिने सापडत नाही. क्रांतीचा संशय वाऱ्यावर आहे, सुभेदारांचा कुत्र्यावर.

तुझी आठवण आली ती तिला गवतावर बसलेली बघून. पाटणच्या तालुका स्पर्धा. मी बाराची, तू सोळाची. आपल्या शाळेतून तूच पहिली येणार हे मास्तरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. आणि त्या सकाळी तू म्हणालीस, पाय मुरगळला. मैदानाच्या कडेला पावसात दगडावर बसून तू पळणाऱ्या सगळ्या पोरींच्या चपला सांभाळल्यास. बाबांनी आठवडाभर तुझ्या पायाला आंबेहळद लावली. हाडवैद्यानं तो ओढला तेव्हा तू खरोखर किंचाळलीस, आणि चार दिवस लंगडलीस. (मधे एकदा पाय बदललास. बाबांच्या लक्षात आलं नाही.) तू पुन्हा कुठल्याच शर्यतीत उतरली नाहीस, पुढच्या वर्षी तुझं लग्न झालं.

असो. फार लांबलं. म्हशीची वेळ झाली. दाजींना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद. गुडघ्याची काळजी घे.

तुझी धाकटी,
विजयमाला

ता. क. सहावी निकर माझ्याकडे आहे. वारा आणि कुत्रा दोघंही निर्दोष आहेत. मला त्रेसष्टाव्या वर्षी कशाला, असं विचारशील. मिरची भाजताना ठसका लागला, जोरात शिंक आली, पोट धरून हसले, की माझं काय होतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. काकवीच्या दिवशी क्रांतीबरोबर हसले आणि आत पळाले ती लुगडं बदलायलाच. बत्तीस वर्षं बायांना सांगितलं की लाजू नका, आणि स्वतः वर्षभर लग्नाला जायचं टाळत होते. दोन महिने ती निकर घालतेय. एस.टी.नं कराडहून सांगलीला उभ्यानं जाऊन आले, साडी कोरडी. पूर आला तर ती काही धरण नाही, पण आपलं पुराचं नाहीच, ठिबकाचं आहे. डॉक्टरीणबाईंनाही दाखवलं, त्यांनी बसल्या बसल्या करायचा व्यायाम सांगितलाय, तो भेटीत शिकवीन. आणि आक्का, दिवाळीनंतरच्या त्या लग्नात तुला शिंक आली आणि तू हळदीकुंकू टाकून निघालीस. गुडघा दुखतो म्हणालीस, पण जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरलीस. मी त्या निकरेच्याच भरवशावर लग्नाला आले होते, वरून बघत होते. पुडक्यात तीन आहेत, कोऱ्या. माप तू दिवाळीत इथं विसरलेल्या परकराच्या नाडीवरून घेतलंय.

ता. क. दुसरा. पाटणच्या आदल्या दुपारी मला लगोरीला चेंडू हवा होता. चुलीवरच्या दोरीवर बाबांच्या पँटखाली चार मऊ, वाळलेले तुकडे सापडले. त्यांचा मी चेंडू शिवला. सकाळी तुझ्याकडे फक्त ओले उरले होते. ते तुकडे कसले होते हे मला कळलं ते पुढच्या वर्षी, तू स्वतःच्या हातानं माझ्या हातात घडी दिलीस तेव्हा. पन्नास वर्षं सांगायला तोंड झालं नाही. पण तुलाही माहीत होतं ना? कारण स्पर्धेनंतर माझा चेंडू हरवला, आणि चार दिवसांनी ते चारही तुकडे धुऊन परत दोरीवर होते. त्यांना माझ्याच दोऱ्याची भोकं होती. तू मला एक शब्द बोलली नाहीस.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पुडक्यात आंबेहळदीचाही एक तुकडा ठेवलाय. तो लावायचा नाही. राजेश्वरीनं पुडकं कसलं विचारलं तर तो दाखवायचा. मंगळवारी सकाळी सात वाजता ये. क्रांती बूट घालील तेव्हा तिच्या चपला धरायला कुणीतरी लागेल, आणि त्या तुझ्याशिवाय कुणाकडे द्यायच्या नाहीत असं ती म्हणते.